मोडेमची वायर

आमच्या कारखान्यात पासवर्ड हा शब्द मी आणला. त्याआधी तिथे कुलपं होती, गेटवर काठीवाले होते, गोडाऊनच्या दाराला लाखेची सीलं होती, पण पासवर्ड नव्हता. आणि जिनं आणला तीच त्यात अशी अडकली की विचारू नका. आज घरातली पोरं मला चिडवतात, तुला साधा मोबाईलचा लॉकसुद्धा नको असतो म्हणून. नकोच असतो! माझ्या जागी असतात तर तुम्हालाही नको झाला असता.

कारखाना कुठला ते सांगणार नाही. नगर जिल्ह्यात साखर कारखान्यांना तोटा नाही, त्यातला एक धरा. साल नव्वदच्या दशकाच्या मधलं कधीतरीचं. मी इन्स्ट्रुमेंटेशनची इंजिनियर, नगरच्या एका कारकुनाची मुलगी, लग्न व्हायचं होतं. कारखान्याच्या ऑफिसात एक टायपिस्ट बाई होत्या, पोती शिवायला बायका होत्या, पण बॉयलरकडे जाणारी बाई मी एकटीच. पहिल्या दिवशी मला बघून फायरमन लोकांनी विड्या विझवल्या, तेवढंच माझं स्वागत.

बॉयलर हाऊसच्या कडेला काचेची एक खोली होती. तिला सगळे कंट्रोल रूम म्हणायचे. पुण्याच्या एका कंपनीनं तिथे नुकताच कॉम्प्युटर बसवून दिला होता. पूर्वी बॉयलरमधलं पाणी, वाफ, हवा हे सगळं माणसं चाकं फिरवून सांभाळायची. आता पडद्यावर आकडा टाकला की पाण्याचा व्हॉल्व्ह आपला आपण फिरायचा. कॉम्प्युटरला उकाडा सोसत नाही म्हणून खोलीला एसी. झालं! चेअरमनच्या केबिनशिवाय गार हवा तेवढ्या एकाच ठिकाणी. मग संचालकांना, त्यांच्या मेहुण्यांना आणि मेहुण्यांच्या पाहुण्यांना, सगळ्यांनाच बॉयलरची काळजी वाटायला लागली. यायचे, देवळात काढतात तशा चपला बाहेर काढायचे, कॉम्प्युटरला हात जोडायचे आणि मग तेच हात कीबोर्डवर ठेवायचे. 'मॅडम, हे दाबलं की काय होतं ओ?' खंडेनवमीला तर पूजेचं हळदकुंकू कीबोर्डमध्ये इतकं गेलं की काही बटणं वर्षभर चिकटत होती.

एकदा एका संचालकाच्या व्याह्यांनी हौसेनं आकडा बदलला आणि वाफ अशी खाली आली की मिल रडतखडत फिरायला लागली. आमचे चीफ इंजिनियर, ज्यांना आम्ही नुसतं साहेब म्हणायचो, ते तावातावानं आले.

'मॅडम, ह्याला कुलूप नाही का?'

'आहे साहेब. पासवर्ड घालता येतो. ज्याला माहीत असेल त्यालाच आकडे बदलता येतील.'

'मग घाला. आणि तुमच्याशिवाय कुणाला कळता कामा नये. मलासुद्धा सांगायचा नाही.'

'निदान दोघांना तरी माहीत हवा. मी आजारी पडले तर?'

'पडू नका,' साहेब म्हणाले. 'हंगामाच्या शेवटी निवडणूक आहे. दोघांकडे किल्ली असली की काड्या कुणी केल्या ते कळत नाही. एकाकडेच असली म्हणजे भानगड नाही.'

मी वाद घातला, पण साहेबांशी वाद म्हणजे भिंतीशी बोलणं. पासवर्ड घातला. मलाही आतून जरा बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू? कालपर्यंत ज्यांच्या पाहुण्यांना मी 'हात लावू नका हो' म्हणून विनवत होते, ते आता माझ्याकडे बघून हात मागे घ्यायला लागले.

हे सुख पंधरवडाभर टिकलं असेल. मग कळलं की कुलूप कॉम्प्युटरला नाही, मला लागलंय. ऊस ओला आला, बदला आकडा. भट्टीत जाणारं बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, सुकं आलं, बदला आकडा. हंगाम म्हटला की कारखाना रात्रंदिवस चालतो आणि बॉयलरला रविवार माहीत नसतो. एकदा मी डोक्याला शिकेकाई लावून बसले होते, तर शिपाई कारखान्याच्या आवारातल्या कॉलनीत येऊन खोलीच्या दाराबाहेरून ओरडला, 'मॅडम, पासवर्ड!' तशीच ओल्या केसांना पंचा गुंडाळून पळाले. कॉलनीतल्या बायका मला पासवर्डबाई म्हणायला लागल्या. मावसबहिणीचं लग्न नगरला, एसटीनं गेलं तर दुपारपर्यंत जेवून परत येता आलं असतं. साहेब म्हणाले, 'आणि तेवढ्यात काही झालं तर?' गेले नाही. आई फोनवर म्हणाली, 'तू नोकरी करतेस की जन्मठेप भोगतेस?' मला तेव्हा राग आला होता.

आता मोडेमचं सांगते. कंपनीनं कॉम्प्युटरबरोबर मोडेम नावाची एक लहान डबी दिली होती. ती कपाटात, कॉम्प्युटरच्या मागे. तिला टेलिफोनची वायर जोडली की पुण्यातला इंजिनियर पुण्यातच बसून आमचा पडदा बघू शकायचा, बिघाड असला तर दुरुस्त करू शकायचा. सोय चांगली होती. पण मला ती डबी पहिल्यापासून आवडली नव्हती. रस्ता आला की त्यावरून कोणीही येणार. म्हणून मी नियम केला होता: पुण्याहून फोन आला की वायर लावायची, काम झालं की काढून टाकायची. हे काम शिफ्टच्या ऑपरेटरचं. साहेबांनी तो नियम सही करून कपाटावर चिकटवलाही होता.

ऑपरेटरांत सगळ्यात जुने एक काका होते. घर शनिशिंगणापूरला, हंगामात कारखान्याच्या चाळीत राहायचे, हंगाम संपला की गावी. बॉयलरच्या नुसत्या आवाजावरून ते सांगायचे की आज त्याचं पोट बिघडलंय. इतकी वर्षं काढली तरी कागदावर मात्र अजून हंगामीच. दर वर्षी घ्यायचे, दर वर्षी सोडायचे. ह्या वर्षी मात्र चेअरमननी शब्द दिला होता की काकांना कायम करायचं. काकूंनी नवस बोलला होता. काका दिवसातून एकदा तरी म्हणायचे, 'ताई, कायम झालो की पयला चहा तुमाला. कारखान्याच्या कँटीनचा न्हाई, घरचा.'

घरचा चहा मी आधीच प्यायले होते. हंगाम सुरू व्हायच्या आधी आईला घेऊन दर्शनाला गेले तेव्हा काकांनी हट्टानं घरी नेलं. त्या गावात घरांना दारं नाहीत हे सगळ्यांना माहीत असतं, पण स्वतः आत जाताना चमत्कारिक वाटतंच. चौकट आहे, दार नाही. कडी नाही, कोयंडा नाही. वाजवायचं काय? आम्ही दोघी उंबऱ्याशी घुटमळलो, तशा काकू आतूनच ओरडल्या, 'या की आत, हुब्या काय ऱ्हायल्या?' बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर तुपाची धार. काकूंनी आईची ओटी भरली आणि मला म्हणाल्या, 'पोरी, तुझ्या हाताखाली आमचं मानूस हाय, संभाळ गं.' भिंतीला एक आडवी फळी टेकवून ठेवली होती. मी विचारलं, ही कशाला? तर काकू हसल्या. 'रातच्याला चौकटीला आडवी लावायची. कुत्री आत घुसत्यात ना. मानसाला कशाला आडवायचं?'

तर असे हे काका. आणि ह्यांच्या हातात मी वायर दिली होती.

'काका, वायर परत तशीच!'

'ऱ्हाऊ द्या की ताई. त्यो पुन्यावाला येतोच हाय सारखा.'

'येईल तेव्हा लावायची.'

'आता मानूस गेला की लगोलग त्याच्या पाठीमागं वायर उपटायची, बरं दिसतं का त्ये? आन् त्यानं फोन केला आन् आमी कामात असलो, म्हंजी त्याला खोळंबा.'

'अहो, हे काय घर आहे का? बॉयलर आहे हा!'

'व्हय व्हय. काढतो.'

काढायचे. दुसऱ्या दिवशी परत लावलेली. मला दिसली की मी उपटायची, त्यांची शिफ्ट आली की परत आपली खोबणीत. वर धूळ बसू नये म्हणून डबीवर धुतलेला रुमाल. मी चिडायचे, ते हसायचे, मग मला चहा मागवायचे. मनात आणलं असतं तर मी साहेबांकडे तक्रार करू शकले असते. पण कायम होण्याच्या वर्षात ह्या माणसाची तक्रार कोण करणार?

एके दिवशी दुपारी मी कॉलनीत जेवायला बसले होते. पहिला घास तोंडात, आणि भोंगा झाला. भोंग्याची वेळ नव्हती. हात तसाच खरकटा घेऊन पळाले. बॉयलर बंद. वाफ नाही म्हणून मिल बंद. एवढा मोठा कारखाना आणि बैलांच्या घुंगरांचा आवाज ऐकू येत होता, इतकं सामसूम. कंट्रोल रूममध्ये काका पडद्यासमोर उभे, तोंडचं पाणी पळालेलं.

'ताई, म्या हात लावला न्हाई. आईची आन. पान्याचा आकडा आपुआप खाली गेला.'

बॉयलरमधलं पाणी एका हद्दीच्या खाली गेलं की नळ्या फुटतात, आणि नळ्या फुटल्या की समोर उभा असलेला माणूस हाती लागत नाही. आमच्या नशिबानं सुरक्षेचं यंत्र वेळेवर चाललं आणि त्यानं बॉयलर बंद पाडला. पडद्यावर खाली एक ओळ आली होती. पाण्याच्या पातळीचा आकडा बदलला, बदलणारा: इंजिनियर. म्हणजे पासवर्ड टाकून बदलला होता. मी ती ओळ दोनदा वाचली. माझ्या मागून साहेबांनीही वाचली.

'पासवर्ड कुणाकडे आहे?'

'माझ्याकडे.'

'आणखी कुणाकडे?'

'साहेब, तुम्हीच तर म्हणालात...'

'मग?'

ते 'मग' मी जन्मात विसरणार नाही. मी सांगितलं, मी घरी जेवत होते, शेजारच्या बाईंनी बघितलंय. साहेब म्हणाले, 'तुम्ही इथे नव्हता हे कबूल. पण पासवर्ड तर होता ना इथे? तो काय पायांनी चालत आला?'

कारखाना पुरता सुरू व्हायला दुसरा दिवस उजाडला. तोपर्यंत उसाच्या गाड्यांची रांग गेटबाहेर पार हमरस्त्यापर्यंत गेली होती, ऊस वाळत होता, गाडीवान शिव्या घालत होते. आणि संध्याकाळच्या आत माझी गोष्ट तयार झाली होती. बाईंनी पासवर्ड विरोधी पॅनेलला दिला. निवडणुकीच्या तोंडावर कारखाना बंद पाडला म्हणजे चेअरमनचं नाक कापलं. कोणी म्हणालं, बाईंचा मामा त्या पॅनेलच्या सभेत दिसला. मला मामाच नाही! पण असल्या गोष्टींना मामा लागत नाही. साहेबांनी बोलावून सांगितलं की संचालकांसमोर चौकशी होईल, तोपर्यंत आवार सोडायचं नाही, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर प्रकरण पोलिसात जाईल.

मी तरातरा गेटवर गेले, भाजी आणायची म्हणून. रोज मला सलाम ठोकणारा वॉचमन खाली मान घालून म्हणाला, 'मॅडम, साहेबांची ऑर्डर हाय. भाजी काय पायजे ती सांगा, मी आनतो.' पिशवी हातात घेऊन परत फिरले. कॉलनीतल्या खिडक्यांचे पडदे हलत होते. खोलीत येऊन मी दाराला आतून कडी लावली आणि मग मलाच हसू आलं, कडी कशाला, कोण येणार होतं माझ्याकडे? आणि मग रडू आलं, चांगलं हुंदके देऊन. बापानं आयुष्यभर कचेरीत मान खाली घालून काम केलं, कुणाच्या एका पैशाला शिवला नाही, आणि त्याच्या पोरीला पोलीस घेऊन जाणार. वडिलांचा फोन आला, येऊ का विचारायला. नको म्हटलं. गेटवर त्यांनाही अडवलं असतं तर मला सोसलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मला कंट्रोल रूममध्ये जाऊ दिलं, कारण माझ्याशिवाय आकडे कोण बदलणार? संशय माझ्यावर आणि काम माझ्याशिवाय चालत नाही, असा तो सगळा तमाशा. मी कपाट उघडलं. मोडेमवर स्वच्छ रुमाल. रुमालाखाली हिरवा दिवा. वायर खोबणीत.

मी तिथेच खाली बसले. माझ्या पासवर्डशिवाय आणखी एखादा पासवर्ड असणार, कंपनीचा स्वतःचा, आणि ह्या वायरीवरून कोणीतरी आत येऊन गेलं असणार, हे माझ्या लख्ख ध्यानात आलं. मी पुण्याला फोन लावला. कंपनीचे मोठे साहेब गोड आवाजात म्हणाले, 'आमच्याकडून कुणी आलेलं नाही, मॅडम. तुमच्याकडेच चौकशी करा.' फोन आपटला मी. मग काकांना गाठलं. बॉयलरच्या मागे बगॅसचा ढीग असतो, तिथे.

'काका, त्या दिवशी दुपारी वायर लावलेली होती?'

काका पायानं बगॅस सारत राहिले.

'काका!'

'व्हती,' ते म्हणाले. 'सकाळी लावली व्हती. पुन्यावाल्याचा फोन येईल म्हून.'

'कितीदा सांगितलं होतं मी! कितीदा! तुमच्या वायरीपायी मला पोलीस नेणार आहेत, कळतंय का?' माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. मी काय काय बोलले मला आठवतही नाही. बापाच्या वयाचा माणूस, पण मी कसर ठेवली नाही.

त्यांनी हात जोडले. 'ताई, माझं नाव घिऊ नगा. ह्या साली कायम करनार हायती. आता नाव आलं की खलास. परत कोन घेतंय मला ह्या वयात?'

'आणि माझं नाव?'

'तुमी शिकलेल्या हायत. तुमाला कुटंबी नोकरी मिळंल.'

मी त्यांच्याकडे बघत राहिले. तुरुंगात गेलेल्या बाईला कोण नोकरी देतं ते विचारावंसं वाटलं, पण त्यांनी जोडलेले हात अजून सोडले नव्हते. मी तशीच निघून आले. रात्रभर कूस बदलत विचार केला की वायरीचं नाव न घेता दुसरी किल्ली आहे हे कसं दाखवता येईल. वायरीशिवाय ती किल्ली नुसती हवा होती.

चौकशीच्या दिवशी चेअरमन, संचालक, साहेब सगळे मीटिंग हॉलमध्ये बसले होते. मी म्हटलं, 'इथे बोलून उपयोग नाही. कंट्रोल रूममध्ये चला, दाखवते.' कुरकुर करत आले, चपला काढल्या. काकांची शिफ्ट होती, ते दाराशी अनवाणी उभे. मी सगळ्यांना सांगितलं, 'आज सकाळी मी पासवर्ड बदललाय. नवा पासवर्ड माझ्या डोक्यात आहे, कुठे लिहिलेला नाही, कुणाला सांगितलेला नाही.' मग वायर माझ्या हातानं लावली आणि दुसऱ्या फोनवरून पुण्याला फोन केला. मोठ्या साहेबांना नाही. त्यांच्या हाताखालच्या एका नव्या इंजिनियरला. म्हटलं, पडदा नीट दिसत नाहीये, जरा आत येऊन बघता का? कीबोर्डपासून मी लांब झाले. दोन्ही हात वर करून उभी राहिले.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मोडेम किरकिरला. मग पडद्यावरचा बाण आपोआप हलायला लागला. एक संचालक 'आयला!' म्हणून मागे सरकले. एकांनी हात जोडले. मी फोनवर म्हटलं, अलार्मच्या दिव्याचा आकडा, ज्यानं बॉयलरचं काही बिघडत नाही तो, एकनं वाढवून दाखवा. आकडा वाढला. खाली ओळ आली. बदलणारा: इंजिनियर.

'माझा पासवर्ड तुम्हाला कसा कळला?' मी फोनवर विचारलं आणि रिसीव्हर चेअरमनच्या कानाला लावला.

'तुमचा कशाला लागतोय मॅडम, कंपनीचा असतो की,' तो पोरगा आम्हालाही ऐकू येईल इतक्या मोठ्यानं, निरागसपणे म्हणाला. 'सगळ्या कारखान्यांना तोच आहे.'

'आन् त्या दिवशी दुपारी कुठल्या कारखान्यात गेल्ता रं?' चेअरमननी विचारलं.

'मी सरांशी बोलतो,' तो पोरगा म्हणाला, आणि फोन बंद. नंतर कळलं ते असं की त्याला आकडा बदलायचा होता दुसऱ्याच एका कारखान्याचा. नंबर फिरवताना चुकला. पडदे सगळीकडे सारखे, पासवर्ड सारखा, आत आल्यावर आपण कुणाच्या घरात आहोत हे त्याला कळलंच नाही.

चेअरमननी माझ्या पाठीवर थाप मारली. 'शाबास, मॅडम! मला म्हाईतच हुतं.' कुठलं माहीत होतं! पण मला त्या क्षणी त्यांचाही राग आला नाही. छातीवरचा धोंडा उतरला होता. वाटलं, आत्ताच्या आत्ता गेटबाहेर जावं आणि एसटीत बसावं, कुठल्याही.

तेवढ्यात साहेब म्हणाले, 'एक मिनिट.' ते कपाटावर चिकटवलेला नियम वाचत होते. 'काम झाल्यावर वायर काढायची. काढलेली असती तर पुण्याहून कुणीही येऊ शकलं नसतं. त्या दिवशी वायर कुणी ठेवली होती?'

सगळे माझ्याकडे बघत होते. काका दाराशी उभे होते, तेही माझ्याकडे बघत होते. आठवत नाही म्हटलं असतं तर पुन्हा संशय माझ्यावरच. बघा, बाईनंच वायर लावून पुण्यावाल्याला हाताशी धरलं म्हणाले असते. मी ठेवली म्हटलं असतं तर तेच, आणखी पक्कं. मी काकांकडे बघितलं. वाटलं, तुम्ही स्वतः बोला ना! एक शब्द बोला! ते बोलले नाहीत.

'काकांनी,' मी म्हटलं.

संध्याकाळी त्यांना सांगण्यात आलं की उद्यापासून येऊ नका. मी साहेबांशी भांडले. म्हटलं, सगळ्या कारखान्यांना एकच पासवर्ड ठेवणारी कंपनी मोकळी, आणि शिक्षा ह्या माणसाला? साहेब म्हणाले, 'कंपनीला कडक पत्र जाईल. तुम्ही सुटलात ना? मग गप्प बसा.' काका पत्र्याची पेटी सायकलवर बांधून गेले. मी गॅलरीत उभी होते. त्यांनी वर बघितलं नाही.

आणि मी सुटले म्हणता? संचालकांनी ठराव केला की मॅडम विश्वासाच्या आहेत, तेव्हा पासवर्ड, मोडेमची वायर आणि कपाटाची किल्ली, तिन्ही मॅडमकडेच राहतील. किल्ली मी दोऱ्यात घालून गळ्यात बांधली. वायर माझ्या पर्समध्ये. उरलेला सगळा हंगाम मी कॉलनीतून बॉयलरवर आणि बॉयलरवरून कॉलनीत. गेटवरचा वॉचमन पुन्हा सलाम ठोकायला लागला, पण बाहेर जायला मला वेळच नव्हता. लोक मानानं बोलायचे. चहा मात्र कोणी मागवत नव्हतं.

मी खोटं बोलले नाही. हे मी त्या दिवसापासून स्वतःला सांगत आले आहे आणि आजही कोणी विचारलं तर ठणकावून सांगेन. वायर काकांनीच ठेवली होती.

हंगाम संपायच्या आधी मी साहेबांच्या इतकी मागे लागले की ते कंटाळून म्हणाले, बरं, पुढच्या हंगामाला घेऊ त्यांना, हेल्पर म्हणून. ऑपरेटर नाही, कायमचं तर नावच नाही. पण काहीतरी. निवडणूक झाली, चेअरमन तेच राहिले, आणि गाळप संपल्याचा भोंगा झाल्यावर मी पहिली एसटी पकडली ती नगरची नाही, सोनईकडची. सोनईला उतरून शिंगणापूर. हातात पेढ्यांचा पुडा. काय बोलायचं ते वाटभर घोकत गेले.

उन्हं कलली होती, पण अजून चांगला उजेड होता. गल्लीत शेजारपाजारची सगळी घरं उघडी, आतली माणसं, भांडी, पाळणे सगळं दिसत होतं. काकांच्या चौकटीशी जाऊन उभी राहिले. आत काका जमिनीवर बसून लसूण सोलत होते. काकू चुलीपाशी. वाजवायला काही नव्हतं, म्हणून मी नुसतं म्हटलं, 'काकू.'

काकूंनी वळून बघितलं. ओळखलं. उठल्या, पदराला हात पुसत माझ्याकडे यायला लागल्या. मला वाटलं, आता ओरडतील, या की आत, हुब्या काय ऱ्हायल्या. मी चप्पल काढायला वाकले.

त्यांनी भिंतीला टेकवलेली फळी उचलली, चौकटीला आडवी लावली, नीट बसली का ते हातानं दाबून बघितलं, आणि परत चुलीपाशी जाऊन बसल्या.

फळी माझ्या गुडघ्याला येत होती. सहज ओलांडता आली असती. काका लसूण सोलत राहिले. पुढच्या हंगामाचा निरोप मी बाहेरूनच सांगितला, पेढ्यांचा पुडा फळीवरून हात लांब करून आत ठेवला, आणि एका पायात चप्पल, एक हातात, अशी गल्लीच्या तोंडापर्यंत गेले तेव्हा कुठे मला दुसरी चप्पल घालायची आठवण झाली.